प्री-मेड, फ्री-मेड

बाबांनी माझ्या कॉलेजच्या चार वर्षांचा तक्ता ग्राफ पेपरवर आखला होता. ते इंजिनियर, वाणसामानाची यादीसुद्धा पट्टी घेऊन करायचे. आठ सेमिस्टरचे आठ रकाने, त्यांत निळ्या शाईने बायॉलॉजी, फिजिक्स वगैरे, आणि दुसऱ्या वर्षात लाल शाईने ऑर्गॅनिक केमिस्ट्री. खाली ‘ॲक्टिव्हिटीज’ची ओळ होती, ती बरेच दिवस रिकामी राहिली. मग वेस्ट विंडसरच्या एका पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, कुणा डॉक्टरकाकांनी बाबांना सांगितलं, की इथे नुसते मार्क चालत नाहीत, मुलगी वेल-राउंडेड लागते. घरी आल्या आल्या बाबांनी पेन उघडलं.

“आणखी किती राउंड करताय तिला?” आई म्हणाली. मी तेव्हा चांगलीच गुबगुबीत होते. बाबा हसले नाहीत. त्यांनी लिहिलं: ‘हॉस्पिटल, व्हॉलंटियर, दर शनिवारी.’

तक्ता फ्रिजवर लागला. शुक्रवारी डॉर्ममधून घरी आलं की दूध काढायच्या आधी माझं भविष्य दिसायचं. मला त्या कागदाचा राग यायचा, आणि तो फाडायची आपल्यात हिंमत नाही याचा त्याहून जास्त.

भारतात तेव्हा बारावी झाली की थेट मेडिकल. इथे आधी चार वर्षांचं कॉलेज करायचं, मग अर्ज, आणि घेतलं तर घेतलं. ती आधीची चार वर्षं म्हणजे प्री-मेड. ती धड डिग्रीही नाही, नुसता इरादा. बाबांनी नागपूरला आत्याला कळवलं, ‘पोरगी प्री-मेडिकलला आहे.’ बाबांचं अक्षर दिव्य. आत्याने ‘प्री’चं ‘फ्री’ वाचलं. तिकडे नुकतीच डोनेशन घेणारी मेडिकल कॉलेजं निघाली होती, त्यामुळे फ्री म्हणजे स्वतःच्या गुणांवर मिळालेली सीट, असा तिने सरळ अर्थ लावला आणि आळीभर पेढे वाटले. तिचं पत्र वाचून आम्ही तिघं पोट धरून हसलो.

“खरं काय ते कळवून टाका त्यांना,” आई म्हणाली.

“अगं, तीन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे. मग खरंच होईल ना ते.”

ही आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबांनी शिकावं म्हणून तिने स्वतःची शाळा सोडली होती. वाटलेले पेढे तिला परत घ्यायला लावणं बाबांना जमणार नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात माझ्या एकटीच्या नावाने तिचं पत्र आलं. ‘चि. डॉक्टर हिस अनेक आशीर्वाद,’ अशी सुरुवात. पुढे लिहिलं होतं, की डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ लागते, दुखत नाही, म्हणून घरात कुणाला सांगितलेलं नाही. ‘इथला डॉक्टर बाप्या माणूस, लाज वाटते. तू घरातली. तू सांगशील तसं करीन. तुझ्या बाबाला बोलू नकोस, उगाच घोर लावून घेईल.’

त्याच आठवड्यात ऑर्गॅनिकचा पेपर हातात पडला होता. शंभरात एकेचाळीस. कॉलेजातल्या ॲडव्हायजर बाई म्हणाल्या होत्या, कोर्स ड्रॉप करायला अजून वेळ आहे, आणि मेडिकलचाच विचार पुन्हा एकदा करून बघ. अशा वेळी ‘आत्या, मी डॉक्टर नाही, होईन असंही वाटत नाही’ हे लिहायचं कसं? ‘ताबडतोब डॉक्टरला दाखव’ एवढं तर शाळकरी पोरानेही लिहिलं असतं. पण मला डॉक्टरसारखं उत्तर द्यायचं होतं. मी लायब्ररीतून जाडजूड पुस्तक आणलं, दोन मसुदे केले, दोन्ही फाडले. पत्र ऑर्गॅनिकच्या पुस्तकात ठेवलं आणि परीक्षेनंतर बघू म्हटलं. असे तीन आठवडे गेले. घाबरले होते, हे खरं. पण कोणासाठी, तर स्वतःसाठी.

चौथ्या शनिवारी हॉस्पिटलमध्ये मी गुलाबी ॲप्रन घालून पेशंटांचे पाण्याचे जग भरत होते. तिथल्या वयस्कर नर्सला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की छातीतली गाठ दुखत नसेल तर काळजीचं नसतं ना? तिने हातातलं काम थांबवलं. न दुखणाऱ्या गाठीचीच जास्त काळजी करायची असते, ती म्हणाली, आणि ही कोणाची गाठ?

घरी जाऊन मी पत्र बाबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, मग वरची तारीख वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी त्यांनी आत्याच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. लाइन खराब होती, त्यामुळे प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागत होतं. “अक्का, ती डॉक्टर नाही! अजून मेडिकलला लागलेलीच नाही! तू उद्याच्या उद्या दवाखान्यात जा!” वर्षभर पोटात ठेवलेली गोष्ट बाबा शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी सांगत होते. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

ऑपरेशन झालं. महिन्याभराने आत्या स्वतः फोनवर बोलली. तिचा आवाज मला स्वयंपाकघरातूनही ऐकू आला. “डॉक्टर रागावले रे. म्हणाले, एवढ्या उशिरा का आलात? मी म्हटलं, भाचीच्या पत्राची वाट बघत होते.”

तक्त्यात सातव्या सेमिस्टरखाली ‘अर्ज, निबंध’ असं होतं. डॉक्टर का व्हायचंय, यावर निबंध. ऑर्गॅनिक मी उन्हाळ्यात पुन्हा करून बऱ्यापैकी सुटले होते. ॲडव्हायजर म्हणाल्या, काहीतरी पर्सनल लिही. मी आत्यावर लिहिलं. न दुखणारी गाठ, नर्सला विचारलेला प्रश्न, फोन, ऑपरेशन. वाक्य न् वाक्य खरं होतं. फक्त ते तीन आठवडे त्यात नव्हते. “व्हेरी मूव्हिंग,” ॲडव्हायजर म्हणाल्या. इंटरव्ह्यूलाही त्याबद्दलच विचारलं, आणि मला घेतलं. बाबांनी तक्ता फ्रिजवरून काढला, पण नागपूरला या वेळी पत्र लिहिलं नाही. आत्या दोन महिन्यांपूर्वीच गेली होती.

तीन आठवड्यांनी फार फरक पडला नसावा, हे मला आता डॉक्टर म्हणून कळतं. भाची म्हणून त्याचा काही उपयोग होत नाही. माझ्याकडेही बायका उशिरा येतात, कधी वर्षभर लपवून. मी तपासते, पुढे काय करायचं ते सांगते. आधी का नाही आलात, हे मात्र मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.