कुवतीचा रकाना

"टाक. तुझ्या नावापुढे एक."

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर हिरव्या अक्षरांत माझं नाव होतं. त्याच्यापुढे कुवतीचा रकाना. एक ते पाच. एक म्हणजे व्हेरी लो, पाच म्हणजे व्हेरी हाय. खोलीत गिरणीचे दोन संचालक, साहेबांचा भाचा आलोक, सुमनताई आणि मी. मी एकची कळ दाबली. मग एंटर.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. वर्धा जिल्ह्यातली एक सूतगिरणी. कामगारांची हजेरी आणि तिन्ही पाळ्या संगणकावर घ्यायच्या ठरल्या होत्या. साहेब त्यासाठी पुण्याहून आले होते. सोबत एक फ्लॉपी होती. तिच्यातल्या प्रोग्रामला कामाचा आकार सांगायचा, माणसं किती ते सांगायचं आणि प्रत्येकाची कुवत सांगायची. मग तो सांगे, काम किती महिन्यांत होईल.

काम संपल्यावर संगणक विभागात दोन कायम जागा निघणार होत्या. कुणाला ठेवायचं ते या रकान्यावरून आणि कामाच्या तासांच्या वहीवरून ठरेल, असं साहेबांनी आधीच सांगितलं होतं. आम्ही तिघं होतो.

कुवत ठरवायला साहेबांना फार वेळ लागला नाही.

"वडील काय करतात?"

"भाजीपाला लावतात, साहेब. सेलूजवळ."

"शाळा?"

"मराठी मिडियम."

"म्हणजे वांग्याचा अंदाज बरोबर येत असेल," साहेब म्हणाले. संचालक हसले. आलोक हसला. मीही हसलो. हे लिहायला नको होतं. पण मी हसलो.

टेबलावर माझा एक कागद होता. प्रत्येक प्रकारचा एकेक प्रोग्राम मी आधी स्वतः लिहून पाहिला होता, लागलेले तास मांडले होते. वीज गेलेले तास वेगळे लिहिले होते. त्यावरून अकरा महिने येत होते. साहेबांनी त्या कागदावर चहाचा कप ठेवला. आलोकपुढे पाच टाकायला सांगितलं, मुख्य प्रोग्राम सगळे त्याच्याकडे दिले. फ्लॉपीने सात महिने सांगितले. संचालकांना सातच हवे होते.

मग सुमनताईंची पाळी आली. सुमनताई अल्लीपूरच्या. वय पस्तिशीच्या आसपास. गिरणीच्या टाइम ऑफिसात नऊ वर्षं हजेरीपट लिहिलेला. प्रोग्राम लिहायला त्या दुपारच्या सुटीत शिकल्या, डबा एका हाताने खात. त्या दारापाशी उभ्या होत्या, अनवाणी. धूळ नको म्हणून संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम होता. साहेब आणि आलोक बूट घालून आत येत.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "ही मॅट्रिक ना? हिलाही एकच. काय रे, तुला काय वाटतं?"

सुमनताईंचं काम मी रोज पाहत होतो. माझ्याहून त्यांच्या चुका कमी निघत. मला हे माहीत होतं.

"हो साहेब," मी म्हणालो. आणि एक दाबला.

का म्हणालो, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. सर्वांत खाली मी एकटा नव्हतो. त्याचं बरं वाटलं.

चौथ्या महिन्यात आलोकचा हजेरीचा प्रोग्राम चालू झाला. पहिल्याच आठवड्यात सुमनताई बसत त्या खिडकीशी कामगार जमले. सूतखात्यातला एक जण छापील कागद नाचवत होता.

"ओ बाई, मी रातभर मशीनवर होतो, अन् हा कागद म्हणते गैरहजर! मंग माह्यं भूत कामाले आलतं काय?"

"भूत आलं असन तर त्याचीच हजेरी लागली असन," मागून कोणी म्हणालं. सगळे हसले. तो हसला नाही.

तिसरी पाळी रात्री सुरू होते आणि दुसऱ्या तारखेला संपते. आलोकच्या प्रोग्रामला बारानंतर माणूस दिसेनासा होई. ज्याने आयुष्यात हजेरीपट पाहिला नाही, त्याला हे सुचणार नव्हतं. सुमनताईंनी नऊ वर्षं तेच पाहिलं होतं. त्यांनी तो प्रोग्राम पहिल्या ओळीपासून परत लिहिला. तीन आठवडे लागले.

तासांची वही माझ्याकडे होती. लांब, हिरव्या कापडाच्या पुठ्ठ्याची. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सुमनने केलंय ते आलोकच्या नावावर लिही. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळलं पाहिजे. तिचं टायपिंग दाखव."

पहिल्या शनिवारी मी तसं लिहिलं. दुसऱ्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी साहेबांनी आठवणसुद्धा करून दिली नाही. मी आपणहून लिहिलं. चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पिपरी मेघेच्या भाड्याच्या खोलीवरून गावी घरी गेलो. फुलकोबीत निंदण चालू होतं. एक नवी बाई आली होती. आमच्याकडे प्रत्येक बाईला एक पात नेमून देतात, पात म्हणजे निंदायचा पट्टा. नवी बाई आली की तिच्या शेजारची पात बाबा स्वतः घेत. वाफा संपेपर्यंत तिच्यासोबत निंदत. मगच, वावर किती दिवसांत होईल ते सांगत. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

बाबा बांधावर पाणी प्यायला आले. मी त्यांना साहेबांनी दिलेला एकचा आकडा सांगितला. कधीचा सांगायचा होता.

"त्यानं तुह्यं काम पाह्यलं काय?"

"नाही."

"मंग आकडा कुठून आणला त्यानं?"

मी बांधावरचं गवत उपटू लागलो.

"अन् तू काऊन लिवला?"

सुमनताईंचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगता आलं नाही. साहेबांनी काम न पाहता आकडा टाकला होता. मी पाहून टाकला होता. बाबा परत पातीवर गेले. त्या बाईला म्हणाले, "हळूहळू येऊ दे माय, घाई नाई."

सोमवारी संचालकांपुढे आढावा होता. मी सकाळी लवकर गेलो. वही उघडली. तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदींवर आलोकचं नाव लाल शाईने खोडलं, वर सुमनताईंचं नाव लिहिलं, प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी सही केली.

साहेब म्हणाले, "आकडे वाच."

मी वाचले. तारीख, काम, तास, नाव. नाव प्रत्येक वेळी वाचलं. पाचव्या नोंदीला साहेबांनी हात वर केला.

"हे काय आहे?"

"वही माझ्या अक्षरात आहे, साहेब. खोटं मी लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही."

एका संचालकाने दुसऱ्याकडे पाहिलं. आलोक नखं पाहत होता.

साहेबांचा आवाज चढला नाही. "ठीक आहे. तुझी कुवत कळलीच. पडदा उघड. दोघांच्या नावापुढचे एक तसेच राहतील. परत टाक, सगळ्यांसमोर."

मी खुर्चीतून उठलो.

"तुम्ही टाका. मी टाकणार नाही."

साहेब बसले. एका बोटाने कळा शोधू लागले. माझं आडनाव टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढा वेळ खोलीत सगळे उभे राहिले. मी बाहेर आलो आणि चपला घातल्या.

संचालक म्हणाले, हे नंतर बघू. नंतर कुणी पाहिलं नाही. प्रोग्राम सुमनताईंचा चालू राहिला, खाली नाव आलोकचं. कायम जागांपैकी एक आलोकला मिळाली, दुसरी रिकामी ठेवली. काम अकराव्या महिन्यात संपलं, हे मला खिडकीशी कागद नाचवणाऱ्या त्याच कामगाराने बसस्टँडवर सांगितलं. तोवर माझी नोकरी गेलेली होती.

सुमनताई टाइम ऑफिसात परत हजेरीपट लिहायला बसल्या. मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी मान वर करायच्या आधी ओळ पूर्ण केली.

"तुमी वाचलं ते बरं केलं, भाऊ. पण त्या दिवशी तुमी हो म्हणलं, ते बी म्या आयकलं होतं."

मी माफी मागितली. त्यांनी पुढची ओळ लिहिली. पान उलटलं.

नंतर मी दुसरीकडे हेच काम केलं. अंदाजाचे प्रोग्राम पुष्कळ पाहिले. काही चांगले असतात. कामाचा आकार विचारतात, आधीच्या कामाला लागलेला वेळ विचारतात, त्याची उत्तरं मी देतो. कुवतीचा रकाना आला की मी थांबतो. तिथे आकडा हवा असेल तर मी त्या माणसाशेजारी खुर्ची घेऊन बसतो आणि एक पूर्ण काम त्याच्यासोबत करतो. तेवढा वेळ नसेल, तर रकाना रिकामा राहतो. वरून दटावणी येते. येऊ दे.

सुमनताईंच्या नावापुढचा एक साहेबांनी नंतर टाकला असेल. पहिला मी टाकला होता. ती नोंद लाल शाईने खोडता येत नाही. मी खोडणारही नाही. पुन्हा कुणी मागे उभं राहून "टाक" म्हणालं, तर मला तीच आठवावी लागेल.