शेऱ्याच्या रकान्यातला माणूस

नोंदसाहेबांना आयुष्यात दोनच गोष्टींचा मनापासून राग यायचा. एक म्हणजे दमट हवा, कारण तिच्यामुळे कागदाला बुरशी धरते. आणि दुसरी म्हणजे 'आमच्या घरात असं सांगतात की' अशी वाक्याची सुरुवात. त्यांच्या मते दुसरी जास्त नुकसान करते, कारण बुरशी निदान पुसता तरी येते.

नोंदसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लष्कराच्या अभिलेख कार्यालयात चौकशीच्या टेबलावर त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, पायी फिरतात, सुनांच्या कामात लुडबुड करतात. नोंदसाहेबांनी तेच जुनं काम घरी आणलं. बाहेरच्या खोलीत एक टेबल, एक भिंग, एक दिवा, आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवर लोकांच्या वंशावळी. कुणाचा पणजोबा लढाईत होता, कुणाचा चुलत आजोबा परत आलाच नाही. अशी माणसं जुने फोटो, फाटकी पत्रं घेऊन यायची आणि आपला सैनिक शोधून द्या म्हणायची.

"येताना लोक सुभेदार घेऊन येतात आणि जाताना तुम्ही त्यांच्या हातात साधा शिपाई देता," त्यांची बायको म्हणायची. "आणि एवढ्यासाठी चहा मात्र मी करायचा!"

बोलणं खोटं नव्हतं. नोंदसाहेबांचा नियम कडक. दोन कागद हवेत, तेही दोन वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले. एकटा माणूस लिहिताना चुकू शकतो, पण दोन माणसं सारखंच चुकतील असं होत नाही. दोन कागद जुळले तर माणूस होता, नाही जुळले तर नव्हता. घरच्यांनी कितीही डोळ्यांत पाणी आणलं तरी नव्हता. या नियमापायी त्यांनी तीन घरांशी कायमचं वाकडं घेतलं होतं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

एका सकाळी टेलरबाई आल्या. बाजाराच्या वळणावर जिन्याखाली त्यांचं दुकान, जिन्याएवढंच तिरकं. वय एक्क्याऐंशी. नवे कपडे शिवणं त्यांनी सोडलं होतं, पण चेन बसवणं, कमर आत घेणं, शिवण उसवून पुन्हा घालणं चालू होतं. त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला, एक घडीचं पत्र काढलं आणि दोन्ही टेबलावर ठेवून सरळ मुद्द्यावर आल्या.

"साहेब, मी दीड वर्षाची होते, दादा पाच वर्षांचा. तेव्हा आमचे बाबा लष्करात जातो म्हणून गेले. लढाई चालू होती. परत आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. आई सांगायची, लढाईत गेले. आम्हीही तेच धरून होतो. मग आई चौसष्टची झाली तेव्हा तिच्या मनानं घेतलं की ते कुठे गेले, कसे गेले, एवढं तरी कळू दे. तिनं ऑफिसात अर्ज केला. त्याचं हे उत्तर."

नोंदसाहेबांनी घडी उलगडली. 'आपण विचारलेल्या नावाचा इसम या कार्यालयाच्या नोंदीत आढळत नाही.' खाली तारीख एक्केचाळीस वर्षांपूर्वीची आणि सही त्यांची स्वतःची. सही तेव्हा जास्त झोकदार होती.

"पत्र दादानं वाचून दाखवलं," टेलरबाई म्हणाल्या. "नोंद नाही म्हणजे लष्करात गेलेच नाहीत. गेले नाहीत म्हणजे आम्हाला टाकून पळाले. दादानं त्याच दिवशी हा फोटो भिंतीवरून उतरवला. आई पुढे नऊ वर्षं होती, पण बाबांचं नाव तिनं परत काढलं नाही. दादा अजूनही 'तो पळपुटा' म्हणतो. मला पटत नाही. एकदा काय ते ठरवा. पळाले असतील तर तसं सांगा, मी गप्प बसेन. नसतील पळाले तर ते दादाच्या कानावर गेलं पाहिजे. तो पंच्याऐंशीचा आहे, साहेब. फार वेळ लावू नका."

"पत्र बरोबरच असणार, बाई," नोंदसाहेब म्हणाले. "ते मीच लिहिलंय."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले. दुसऱ्याकडे गेले असते तर तो म्हणाला असता, ज्यानं लिहिलंय त्याला विचारा."

नोंदसाहेबांनी भिंग उचललं आणि फोटो दिव्याखाली धरला. एक सडपातळ तरुण, अंगात लष्करी कोट, चेहऱ्यावर श्वास रोखून धरल्याचा भाव. कोटाचं वरून तिसरं बटण तुटलेलं. नोंदसाहेब उठले, फळीवरून तीन वंशावळी काढल्या आणि त्यांतले तीन फोटो या फोटोशेजारी मांडले. चार वेगवेगळ्या घरांतले चार पुरुष, कोट एकच. चौघांचंही तिसरं बटण नव्हतं.

"हा कोट फोटोवाल्याच्या दुकानातला आहे," त्यांनी जाहीर केलं. हा शोध त्यांनी स्वतः लावला होता आणि तो सांगताना त्यांना नेहमी बरं वाटायचं. "जो येईल त्याला तो घालायला देत असे. म्हणजे या फोटोवरून तुमचे वडील सैनिक होते असं काही ठरत नाही."

बाई आता रडतील म्हणून त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पण कसलं काय!

"कोट त्यांचा नाही हे मला पहिल्यापासून दिसतंय," टेलरबाई म्हणाल्या. "खांदे दोन बोटं उतरलेत. बाही अंगठ्यापर्यंत आली आहे. साठ वर्षं लोकांची मापं घेते मी. पण कोट दुसऱ्याचा म्हणून आतला माणूस खोटा होतो का?"

"बरोबर बोलतायत त्या," चहा घेऊन आलेली बायको म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "काय करायचे तुमचे वडील?"

"मालाच्या गाड्या ओढणारी जनावरं सांभाळायचे. कुणाला न जुमानणारं जनावर त्यांच्याकडे द्यायचे म्हणे."

"मग लष्करानं त्यांच्या हातात बंदूक कशाला दिली असती? जनावरच दिलं असणार," बायको म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

नोंदसाहेबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना कार्यालयाच्या मागच्या खोलीतली शेवटची मांडणी आठवली. तिथे वाहतूक विभागाच्या जनावरांच्या वह्या होत्या. चौकशीचं पत्र आलं की सैनिकांची लाल बांधणीची वही बघायची, तिच्यात नाव नसलं की छापील उत्तर पाठवायचं, असं त्यांना त्यांच्या साहेबानं शिकवलं होतं. साहेबाला त्याच्या साहेबानं. जनावरांच्या वहीत माणूस शोधायचा असतो, हे कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी त्या मांडणीवरची धूळसुद्धा पुसली नव्हती.

"मला थोडा वेळ द्या," ते टेलरबाईंना म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या जुन्या कार्यालयात गेले. तिथे आता हेडक्लार्क म्हणून एक बाई होत्या, हुशार आणि नियमाला पक्क्या. त्यांनी नोंदसाहेबांना खुर्ची दिली, ओळख दाखवली आणि अर्ज भरायला सांगितलं. नोंदसाहेबांनी अर्ज भरला. हेडक्लार्कबाईंनी नाव कॉम्प्युटरवर घातलं, एक बटण दाबलं, आणि यंत्रातून कागद बाहेर आला. 'आपण विचारलेल्या नावाचा इसम या कार्यालयाच्या नोंदीत आढळत नाही.'

"वाक्य तुमचंच आहे, सर," हेडक्लार्कबाई कौतुकानं म्हणाल्या. "आम्ही एक अक्षर बदललेलं नाही."

नोंदसाहेबांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तरी चेहऱ्यावर काही न दाखवता ते म्हणाले, "मला जनावरांच्या वह्या बघायच्या आहेत."

"जनावरांच्या? त्यात काय मिळणार?"

"ते मलाही माहीत नाही. तेवढ्यासाठीच बघायच्या आहेत."

वह्या एकोणीस होत्या. नावांची सूची नव्हती, कारण खेचराला नाव नसतं, क्रमांक असतो. म्हणजे एकेक खेचर वाचत जायचं. नोंदसाहेब रोज डबा घेऊन जायचे, नाकाला रुमाल बांधायचे आणि खेचरं वाचायचे. खेचरांबद्दल लष्करानं फार बारकाईनं लिहिलं होतं. उंची, रंग, दात, खोडी, कुठल्या तारखेला कुठला पाय लंगडला, सगळं होतं. हाकणाऱ्या माणसाला मात्र रकानाच नव्हता. तसं काही विशेष घडलं तरच शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात त्याला जागा मिळे, तीही उरली तर.

अकराव्या दिवशी, चौदाव्या वहीत, खेचर क्रमांक दोन हजार एकशे अठरा. मादी. रंग तपकिरी. डाव्या कानाला खाच. चावते. नव्या माणसाला लाथ मारते. एकाच माणसाचं ऐकते. आणि शेऱ्यात, बारीक अक्षरात: 'घाटात रस्ता खचून दरीत पडून मृत. सोबत हाकणारा', पुढे टेलरबाईंच्या वडिलांचं पूर्ण नाव, आणि नंतर एकच शब्द. 'तोही.'

तारीख बघितली. टेलरबाईंनी सांगितलेल्या तारखेनुसार वडिलांना घरातून निघून चार महिने नऊ दिवस झाले होते.

सवयीनं ते दुसरा कागद शोधायला लागले. सामानाच्या कोठाराच्या वहीत, अगदी वेगळ्या अक्षरात, त्याच तारखेला लिहिलेलं सापडलं: 'खेचर २११८ चे खोगीर एक, दोर दोन, हाकणारा एक. परत जमा नाही.' दोन हात, दोन कागद, एकच गोष्ट. नोंदसाहेबांना क्षणभर आनंद झाला, आणि मग स्वतःची लाज वाटली. ते उठले आणि तिथून आपल्या जुन्या टेबलापर्यंत पावलं मोजत गेले. अकरा पावलं होती. एका म्हातारीनं नऊ वर्षं नवऱ्याचं नाव टाकलं होतं, आणि यांना अकरा पावलं टाकायला झालं नव्हतं. तिला गेलं तशी आणखी किती पत्रं आपल्या सहीनं गेली असतील, याचा हिशेब त्यांना लावायचा होता आणि लावायची हिंमत नव्हती.

"सापडलं का, सर?" हेडक्लार्कबाईंनी विचारलं.

"सापडलं. तेव्हाही इथेच होतं," नोंदसाहेब म्हणाले. "ते वाक्य बदला आता. निदान शेवटी 'आम्ही सगळीकडे बघितलेलं नाही' एवढं तरी घाला."

त्याच दुपारी त्यांनी टेलरबाईंच्या दुकानात दोन्ही नोंदींच्या प्रती नेऊन दिल्या. टेलरबाईंनी चष्मा पुसला, दोन्ही कागद दोनदा वाचले. मग 'तोही' या शब्दावरून बोट मागे नेत त्या वरच्या ओळीवर थांबल्या.

"एकाच माणसाचं ऐकते," त्या म्हणाल्या. "म्हणजे बाबांचंच." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आई असतानाच हे कळलं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

"मी बघितलं नाही, बाई. बघायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

तुमची चूक नाही वगैरे काही टेलरबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी यंत्रावर कापड झाकलं, दुकानाला कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "चला दादाकडे."

दादा दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. खिडकीशी खुर्चीत बसले होते, कानात ऐकायचं यंत्र. टेलरबाईंनी त्यांच्यापुढे कागद धरले. दादांनी ते हातात घेतले नाहीत.

"काय आहे?"

"बाबांचं कळलंय, दादा. हे ऑफिसातले साहेब. ते पत्र यांनीच लिहिलं होतं."

"मग यांनाच सांगू दे," दादा म्हणाले.

नोंदसाहेब जन्मभर खालच्या आवाजात बोललेले, ऑफिसात तसंच बोलायचं असतं. ते खुर्चीजवळ वाकले आणि म्हणाले, "तुमचे वडील पळाले नव्हते. कामावर असताना दरीत पडून गेले. मी नीट बघितलं नव्हतं."

"काय?" दादा म्हणाले.

नोंदसाहेबांनी आवाज चढवला. "तुमचे वडील पळाले नव्हते! मी नीट बघितलं नव्हतं!"

"काय?"

आता मात्र नोंदसाहेबांनी लाज सोडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. समोरच्या घरातली बाई वाळत घातलेले कपडे हातात धरून उभी राहिली. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कुणीतरी जिन्यात येऊन वर बघायला लागलं. "पळाले नव्हते! खेचराबरोबर गेले! चूक माझी आहे!"

दादांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. टेलरबाईंनी त्यांच्या कानातलं यंत्र चाचपून बघितलं.

"अरे दादा, हे तर चालू आहे की. तुला ऐकू येत नाही का?"

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं," दादा म्हणाले. "पण त्यांना मी एक्केचाळीस वर्षं पळपुटा म्हणतोय. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी. साहेब, आणखी एकदा सांगा. जरा खिडकीकडे तोंड करून सांगा."

नोंदसाहेब खिडकीपाशी गेले, दोन्ही हातांनी गज धरले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.