लाटेवरची फळी

माझा धाकटा भाऊ मुंबईहून तो बोर्ड घेऊन आला, तेव्हा नाते गावाच्या पुढे असलेल्या आमच्या वाडीत त्याला पहिला प्रश्न आला, "कुणाच्या घराचं दार काढून आणलंस रे?" दीड-दोन पुरुष लांब, पुढचं टोक जरा वर वळलेलं, पोटाखाली मागच्या बाजूला माशासारखा एक पर आणि मधोमध भलंमोठं ठिगळ. त्याच्यावर उभं राहून लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मारत जायचं, असा तो प्रकार. भाऊ मुंबईत एका क्लबच्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता. क्लबवाल्यांनी भंगारात काढलेला तो बोर्ड याने मागून घेतला होता.

मी नेमकी त्या दिवशी माहेरी गेलेली. माझं तोंड काही गप्प बसत नाही. "पोरीला एक फ्रॉक आणला नाहीस आणि हे धूड आणलंस? कुठे ठेवणार, माझ्या डोक्यावर?" माझे यजमान महाडला एमआयडीसीत बॉयलरवर असतात. ते म्हणतात, घरी आलो तरी माझी ड्यूटी काही संपत नाही.

तेवढ्यात भावाची चार वर्षांची मुलगी दारात आली. त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आत वळून ओरडली, "आई, पाहुणे आले!" मग स्वतःच दोन्ही हातांनी फुलपात्र धरून, सांडत सांडत आली आणि म्हणाली, "पाणी घ्या."

आमच्याकडे बाहेरचं माणूस आलं की आधी पाणी द्यायचं आणि ते घरातल्या पोराने न्यायचं, अशी रीत आहे. पोरीने रीत अगदी बरोबर पाळली होती. बाप येणार गणपतीला, शिमग्याला आणि लावणीला. तिने आणखी काय समजायचं? भाऊ उभ्या उभ्या पाणी प्यायला, तिला "थँक्यू" म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला. भावजयीने चुलीकडे तोंड फिरवलं. फ्रॉकवरून बोलले त्याची मला लाज वाटली.

गोठ्यामागे त्याने मला सगळं सांगितलं. श्रीवर्धनकडच्या एका किनाऱ्यावर एकजण असे बोर्ड पर्यटकांना भाड्याने देतो, त्याला माणूस हवाय. ते काम मिळालं तर दर आठवड्याला सुट्टीला घरी येता येईल. नाही मिळालं तर महिनाअखेर परत मुंबई. "ताई, पुढच्या वेळी ती मला चहा पण विचारील गो," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण ते त्याला जमलं नाही.

पाऊस सरला होता, नदीचा डोह तुपासारखा थिजलेला. भाऊ तिथे रोज बोर्ड घालायचा. डोहात तो बोर्ड इतका शहाणा, की यावर भाकऱ्या थापाव्यात. अख्खी वाडी काठावर बसून बघायची. चार दिवसांत भाऊ एका पायावर उभा राहून दाखवायला लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की याचं विमान फार वर गेलंय.

किनाऱ्यावर मी त्याच्यासोबत गेले, कारण भावजयीला म्हैस सोडून हलता येत नव्हतं. मालक उन्हाने रापलेले, मवाळ बोलणारे गृहस्थ. त्यांनी भावाची सगळी चौकशी केली आणि म्हणाले, "नदीचं ठीक आहे. इथे गिऱ्हाईक पुढे बसतं, आपण मागे उभं राहायचं. कुणाला तरी बसवून फेसापलीकडे ने आणि एका लाटेवर परत आण. न पडता. मग बोलू."

"मी बसते," मी म्हटलं. मालकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोहता येतं मला. नदीकाठची आहे." लाइफ जॅकेटचा पट्टा काही केल्या लागेना. भाऊ गालात हसत होता, त्याला मी डोळ्यांनीच दम दिला.

जाताना कळलं की समुद्रात हा बोर्ड वेगळाच प्राणी होतो. नाक फेसाला अगदी सरळ ठेवलं की तो लाटेवर चढतो आणि पलीकडे धप्पकन आपटतो. जरा तिरका झाला की लाट त्याला आडवा धरून मागे ढकलते. लांब आणि रुंद म्हणून डगमगतो कमी, पण वळायचं म्हटलं की रुसतो. भाऊ वल्ह्याचा टेकू घेत, गुडघ्यांत वाकून कसाबसा पलीकडे पोचला. तिथे पाणी नुसतं खालीवर होत होतं. त्याने बोर्ड किनाऱ्याकडे वळवला.

मागून लाट आली. लांब बोर्डाचा गुण असा की फुटायच्या कितीतरी आधी तो लाट पकडतो. भावाने दोन-चार वल्ही मारली आणि खालून कुणीतरी उचलावं तसा हिसका बसला. भावाने वजन पुढे टाकलं. मीही कड धरून पुढे वाकले. झालं! पिठल्यात पळी शिरावी तसं बोर्डाचं नाक पाण्यात शिरलं आणि आम्ही दोघं नाकातोंडात खारं पाणी घेऊन वर आलो. मालक काठावरून ओरडत होते, "मागे! मागे!" मला वाटलं, परत मागे जा म्हणतायत. आम्ही गेलो. पुन्हा तेच, आणि या वेळी माझी चप्पलही गेली. हो, चप्पल घालून बसले होते मी.

भाऊ गुडघाभर पाण्यात बसून राहिला. "ऱ्हाऊ दे गो ताई. मला नाय जमायचं. मुंबईच बरी."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! फुलपात्र धरलेले ते दोन हात डोळ्यांपुढे आले. "ऊठ मेल्या," मी म्हटलं, "पोरीला काय सांगणार? पाहुणे पाण्याला घाबरले?" तो उठला. फळीवर उभं राहतात तसे पाय रोवून बोर्डाशेजारी उभा राहिला, आणि ते पाय बघून मी कपाळावर हात मारला.

चिखलणीच्या वेळी बैलांमागे लाकडी फळी बांधून शेतातला चिखल सपाट करतात. बाबा त्या फळीवर उभे राहायचे आणि वजनासाठी आम्हा पोरांना पुढे पायांशी बसवायचे. बैलांनी हिसका दिला की पुढे वाकायचं, नाहीतर उताणे चिखलात. भाऊ अजूनही दरवर्षी सुट्टी काढून येतो आणि शेजाऱ्यांच्या बैलांमागे उभा राहतो. हिसका बसला की पुढे, हे आमच्या दोघांच्या हाडात बसलेलं.

"अरे गाढवा," मी ओरडले, "इथे बैल पुढे नाहीत! बैल मागे आहेत, ढकलतायत! मागे रेल!"

तो एकदम खदखदून हसला. "च्यायला, खरंच की!"

तिसऱ्यांदा लाट आली. हिसका बसला. माझं अंग पुढे जायला बघत होतं, मी ते मागे ओढलं आणि भावाच्या पायांना पाठ टेकवली. त्याने एक पाय मागे सरकवला तसं नाक पाण्यावर आलं आणि बोर्ड सूं सूं करत सुटला. लाट मागे फुटली, फेसाने गचके द्यायला सुरुवात केली. त्याने वल्हं पाण्यावर आडवं टेकवलं आणि डगमग थांबली. मी तोंडाने काय काय ओरडत होते देव जाणे, पण भीती अजिबात नव्हती. थेट वाळूवर जाऊन टेकलो.

मालक पाण्यात येऊन उभे होते. "सुट्टी मंगळवारी. चालेल?"

"चालेल!" भावाच्या आधी मीच म्हटलं.

आता तो सोमवारी संध्याकाळी येतो. पहिले बरेच सोमवार पोरगी पाणी घेऊन दारात यायची, तो निमूट प्यायचा. परवा मी तिथेच होते. पोरगी ओटीवर बसून शेळीच्या पिल्लाला पाला भरवत होती. भाऊ आला, चपला काढल्या आणि सवयीने दारातच थांबला. तिने मान वर केली नाही. "पाणी नाय देत?" त्याने विचारलं.

"माठात हाय," ती म्हणाली. "मला पण आण."

तो आत गेला तो येईचना. "इतका वेळ लागतो का रे पाणी आणायला?" मी ओरडले. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. उठून आत जाणार होते, पण भावजयीने माझा हात धरून मला खाली बसवलं.