दर रविवारी चुकणारा ड्रमर

अनंतअण्णा आज सकाळी गेला, आणि माझ्या मागच्या पोस्टमधली चूक तशीच राहिली.

ही माझी गंभीर तक्रार आहे. कृपया कोणी हसू नये.

मी इथे लिहायला लागल्यापासून अण्णाने माझी एकही पोस्ट सुखाने नांदू दिली नाही. तुम्ही मंडळी खाली फुलं टाकता, जोडलेले हात टाकता, बदाम टाकता. अण्णा एकच शब्द टाकायचा.

"चूक."

कुठे, कसली, ते सांगायचा नाही. फोन केला तर म्हणायचा, "शोध की. तुझीच आहे."

आठ दिवसांपूर्वी मी लिहिलं की आमच्या त्या कॉन्सर्टच्या फिल्ममधला ड्रमर डावखुरा होता.

खाली भरपूर बदाम आले. "चूक" आली नाही.

ज्यांना अण्णा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अण्णाचं घर बनशंकरीत, घरातल्या मराठीत निम्मं कानडी. त्याचे वडील तात्या, दशग्रंथी वैदिक. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे घनपाठ शिकायला जायचो. घनपाठात मंत्रातले शब्द पुढे, मागे, पुन्हा पुढे असे म्हणायचे असतात. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एक स्वर घसरला की पुन्हा पहिल्यापासून.

म्हणणाऱ्याच्या समोर चूक काढणारा बसतो. माझ्यासमोर अण्णा बसायचा.

तो कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. म्हणजे आठवडाभर पगारी आणि रविवारी हौसेने, काम एकच. जयनगरला डोसा खायला गेलो तरी आधी बोटाने दाबून बघायचा. "डावीकडे जाड आहे बघ."

पाठ संपला की तात्या पूजेला आत, आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत व्हीसीआरसमोर.

कॅसेट एकच. कुठल्याशा परदेशी रॉक बँडच्या कॉन्सर्टची फिल्म. कॉपीची कॉपी. रंग असे उडालेले की सगळा बँड कावीळ होऊन स्टेजवर आलाय असं वाटावं. आवाज अगदी बारीक, कारण आत देव.

एका रविवारी ड्रमरचा सोलो चालू होता आणि तात्या सोवळ्यातच दारात येऊन उभे राहिले.

अण्णा धडपडून उठला. "बंद करतो, तात्या."

"स्वल्प तडी. थांब जरा."

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला होता.

"पुढे... मागे... पुढे. अरे, हा तर घन म्हणतोय." थोड्या वेळाने, "हं. चुकला."

"कोण?"

"तो, केसाळ."

रिवाइंड केलं. खरंच. ड्रमरचा एक ठोका हुकतो, तो शेजारच्या गिटारवाल्याकडे बघतो, आणि दोघं खुदकन हसतात.

ती फिल्म आम्ही तोवर तीसेक वेळा पाहिली असेल. हसू दिसायचं, चूक कधी दिसली नव्हती. एक इन्स्पेक्टर आणि एक घनपाठाचा विद्यार्थी. दोघं खाली मान घालून बसलो.

"चुकल्यावर हसतो?" तात्या म्हणाले. "आपल्यात पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात."

"तिथे एवढे लोक बसलेत, तात्या. पहिल्यापासून कसं म्हणणार?"

तात्यांनी विचार केला. "मग थांबला नाही ते बरं केलं. पुन्हा लाव."

पुढच्या रविवारी पूजा आटोपली आणि आतून हाक आली.

"अनंता, तो चुकणारा आहे का आज?"

"आहे, तात्या. दर रविवारी चुकतो."

"सरी, बरं. आलोच."

तात्या होते तोवर हा नेम मोडला नाही. वेदमूर्ती पाटावर, आम्ही जमिनीवर, आणि चूक जवळ आली की तिघंही पुढे सरकून बसायचो.

मध्यंतरी अण्णाची मुलगी विद्या हिने त्याच फिल्मची नवी, चकचकीत प्रत टीव्हीवर लावून दिली. सगळ्यांची कावीळ बरी झालेली. मी धास्तावलो. एवढं घासून-पुसून काढताना चूकही धुऊन टाकली असणार.

नाही. होती तिथेच होती. अण्णा साठी ओलांडलेला, मी पन्नाशीतला, आणि आम्ही सोफ्यावर पुढे सरकून बसलेलो.

त्यानंतरच्या कितीतरी कॉन्सर्ट पाहिल्या. सगळं नीट, सगळं जागच्या जागी. एकदा बघून होतात. ही होत नाही.

एकदा ती बघताना मी विचारलं, "अण्णा, हा पीस तुझ्याकडे इन्स्पेक्शनला आला असता तर पास केला असतास?"

"छे. रिजेक्ट."

मग सोलो पुन्हा मागे घेत म्हणाला, "रिजेक्ट करून घरी आणला असता."

आता त्या डावखुऱ्या ड्रमरचं सांगून टाकतो.

तो उजव्या हाताचा होता. मी मुद्दाम चुकीचं लिहिलं. अण्णा हॉस्पिटलमध्ये होता, फोन घेत नव्हता. वाटलं, एवढी ढळढळीत चूक बघून तरी उठून बसेल.

आज विद्याला विचारलं, "तुझ्या अप्पांनी वाचली होती का गं माझी पोस्ट?"

"मीच वाचून दाखवली, काका. म्हणाले, मुद्दाम केलीय त्याने. लक्ष देऊ नकोस."

शेवटीसुद्धा सवलत नाही.

नमस्कार, अण्णा. तात्यांनी विचारलं तर सांग, तो अजून चुकतो.

मुद्दाम केलेली चूक माझी मला माहीत असते, तिचं काही नाही. बाकीच्या चुकांची मला भीती वाटते. समोर आता कोणी बसलेलं नाही.