साहेबांची मान

उभी हयात शाळेतल्या मुलांना हात वर, हात खाली करायला लावून ड्रिलबाई निवृत्त झाल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता बाई जरा टेकतील. बाई टेकल्या, पण त्या थेट घोड्याच्या अंगाला.

झालं असं, की त्यांची धाकटी नणंद जनावरांची डॉक्टर. एकदा जेवताना ती म्हणाली, की रपेटीच्या शाळेतला पांढरा घोडा डावीकडे वळेनासा झालाय. त्याला सगळे साहेब म्हणत, कारण चाल रुबाबाची आणि कान कुणाचंही न ऐकणारे. उजवीकडे लोण्यासारखा वळायचा, डावीकडे म्हटलं की नुसता ओंडका. एक्स-रे झाले, खूर, दात, खोगीर सगळं पाहून झालं. हाडं शाबूत होती. मानेचे स्नायू आखडले होते, पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते काही कळेना.

ड्रिलबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. प्राण्यांच्या मालिशचा वर्ग त्यांनी नुकताच हौसेनं केला होता. त्यात शिकवलं होतं, की दुखरी जागाच नाही, अख्खं जनावर बघायचं. ते खातं कसं, उभं कसं राहतं, कुणाशी त्याचं पटतं. तोवर त्यांच्या हाताखालून गेला होता तो फक्त शेजारणीचा म्हातारा कुत्रा.

"मी येऊ?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, कुत्र्याला मांडीवर घेता येतं," नणंद म्हणाली.

"मग मी स्टूल घेईन."

आणि खरंच त्या दुसऱ्या दिवशी स्टूल घेऊन तबेल्यात हजर. जवळून पाहिलं तर घोडा कसला, भिंतच श्वास घेत होती. बाई स्टुलावर चढल्या आणि कामाला लागल्या. गरम पाण्यात पिळलेला पंचा मानेवर ठेवला, मग अंगठ्यांनी कानामागून खांद्यापर्यंत हळूहळू दाबत आल्या. साहेब आधी ढिम्म. मग खालचा ओठ लोंबला, डोळे मिटले, आणि सगळे दात दाखवत त्यांनी अशी काही जांभई दिली, की पाहता पाहता ती रपेटीच्या मास्तरांना लागली, मास्तरांची नणंदेला, नणंदेची बाईंना. चौघंही आ वासून उभे. बाईंना असं हसू फुटलं, की त्या स्टुलावरून उतरून गवतातच बसल्या.

पुढचा व्यायाम गाजराचा. बरगडीजवळ गाजर धरायचं, म्हणजे घोडा ते घ्यायला मान वळवतो. साहेब वस्ताद. मान न वळवता ते अख्खेच वळले. गाजर पुढे, साहेब मागे, आणि बाई गाजरासकट गरगर फिरतायत. मास्तरांनी शेवटी साहेबांना भिंतीशी उभं केलं, तेव्हा कुठे मान थोडी लवली. मालिश झाली की साहेब मोकळे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बाई चक्रावल्या. रोज सोडवलेली गाठ रोज बांधतंय कोण?

एका दुपारी त्या बादली पालथी घालून चहा पीत बसल्या होत्या. सहज लक्ष गेलं. साहेबांची मान उजव्या बाजूच्या ठेंगण्या भिंतीवरून पलीकडे गेलेली. पलीकडे मास्तरांची वयस्कर तपकिरी घोडी. दोघांची नाकं एकमेकांना चिकटलेली. चहा संपला, मान तिथेच. बाईंनी घोडी बाहेर नेताच साहेब सरळ उभे राहिले, ती परत येताच मान पुन्हा उजवीकडे. बाई हसल्या त्या अशा, की ठसकाच लागला. त्यांनी नणंदेला फोन लावला.

"लगेच ये. साहेब प्रेमात पडलेत, म्हणून मान धरलीये."

नणंद आली, पाहत राहिली आणि दाराला टेकून हसायला लागली. ती घोड्याला नेहमी अंगणात आणून तपासायची, हे प्रकरण तिच्यापुढे कधी घडलंच नव्हतं. उपाय मात्र तिनंच काढला: घोडीला डावीकडच्या खणात हलवायचं. तिथे गवताचे भारे होते. मास्तर कुरकुरले, मग तिघांनी मिळून ते ओढले आणि पार घामाघूम झाले.

साहेबांनी सवयीनं उजवीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. डावीकडून ओळखीचं फुरफुरणं आलं. मान निघाली, अर्ध्यात अडली, थरथरली, आणखी थोडी गेली. बाई श्वास रोखून पाहत होत्या. त्या क्षणी साहेबांना घोडी दिसली.

मग शेक, मालिश, गाजर हे सगळं टिकायला लागलं. मैदानात मास्तरांनी डावा लगाम जेमतेम हलवला आणि साहेब वळले, पुन्हा वळले, वळतच राहिले. मास्तर वरून ओरडतायत, बाई कुंपणाशी टाळ्या पिटतायत. थंडीत सकाळी साहेब अजूनही जरा आखडतात, आणि घोडीचा खण अधूनमधून बदलावा लागतो, नाहीतर साहेब उजवीकडे अडायचे. पण आता नणंद प्रत्येक लंगड्या घोड्यासाठी आधी स्वतःची पिशवी उचलते आणि लगेच वहिनींना हाक मारते.

मागच्या आठवड्यात मास्तरांनी बाईंना साहेबांवर बसवलं. त्या आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसत होत्या. दोरी नणंदेच्या हातात. साहेब डौलात डावीकडे वळले आणि बाईंच्या तोंडून शाळकरी मुलीसारखी किंकाळी निघाली.

"उतरायचंय का, वहिनी?" नणंदेनं काळजीनं विचारलं.

"गप्प चाल," बाई म्हणाल्या, "आणि जरा जोरात."