नाखवांचे नऊ शॉट

"कारकून काढ," सामंत सर म्हणाले.

मी एडिट टेबलावर डबा उघडून बसलो होतो. पोळीचा घास हातातच राहिला.

"कुठून काढू?"

"तिसऱ्या भागातून. त्याचे क्लोजअप सगळे काढ. लांबच्या शॉटमध्ये दिसला तर दिसू दे. चौथ्या भागापासून तो गावाला जाणार आहे."

"गावाला म्हणजे?"

"कथेत रे. गावाला जाणार आणि परत येणार नाही. विजू, तू डबा खा आणि प्रश्न विचारू नकोस."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर सामंत सरांनी दोन खोल्या घेतलेल्या. आतल्या खोलीत मशिनं, मशिनांसाठी एसी, आणि एसीमुळे बारा महिने स्वेटर घालून बसलेला मी, व्हिडिओ एडिटर. सामंत सर निर्मातेही होते आणि दिग्दर्शकही. त्यामुळे निर्मात्याची तक्रार दिग्दर्शकाकडे करायची सोय नव्हती.

मालिका तेरा भागांची होती. एक वकील, त्याचं ऑफिस, त्याच्याकडे येणारी माणसं. वकिलाचं काम रंगभूमीवरचे एक गाजलेले नट करत होते. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते हयात आहेत आणि त्यांना फोन करायची सवय आहे. युनिटमध्ये सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

कारकून म्हणजे हरेश्वर नाखवा. कोपरीचे, खाडीकाठच्या जुन्या कोळी घरातले. ठाण्यातल्याच एका कंपनीत स्टोअरकीपर. वय पन्नाशीच्या आसपास. कामगार नाट्यस्पर्धेत वीसेक वर्षं कामं केलेली. टीव्हीवर याआधी एकदा पोस्टमन आणि दोनदा हवालदार. टीव्हीवरच्या हवालदाराला नाव नसतं. या मालिकेत पहिल्यांदाच त्यांच्या पात्राला नाव होतं, आणि त्यांचं स्वतःचं नाव टायटलमध्ये स्वतंत्र पाटीवर येणार होतं. त्यासाठी या गृहस्थांनी साठवलेली सगळी रजा लावली होती.

त्यांना वाक्यं फार नव्हती. "हो साहेब", "फाइल आणतो", "बाई आल्यात" एवढंच. उरलेला वेळ कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ऐकायचं. आणि हा माणूस खरंच ऐकायचा. एडिटरला नटाचा चेहरा पुढे-मागे करून इतक्या वेळा बघावा लागतो की त्याच्या बायकोनेही तो तेवढा बघितला नसेल. बहुतेक नट समोरचा बोलत असताना आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघतात. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा असतो तो. नाखवांचा तसा कधी झाला नाही. समोरचं वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर पोचलेलं दिसायचं, आणि पोचल्यावर त्याचं काय झालं तेही दिसायचं.

पहिले दोन भाग आम्ही ज्यांना ज्यांना दाखवले, त्या सगळ्यांनी एकच विचारलं, "तो कारकून कोण हो?" प्रश्न फिरत फिरत वकीलसाहेबांच्या कानावर गेला. त्यांनी सामंत सरांना सांगितलं की मालिका वकिलाची आहे की कारकुनाची ते एकदा ठरवा. वकीलसाहेब सोडून गेले तर मालिकाच बसली असती. सर घाबरले आणि माझ्याकडे आले.

आता काढायचं म्हणजे काय, ते सांगतो. तेव्हा कॉम्प्युटरवर एडिटिंग नव्हतं. दोन मशिनं असायची. एकात शूटिंगची टेप, दुसऱ्यात तयार होणारा भाग. एकापुढे एक शॉट टेपवर उतरवत जायचं. तयार भागातून मधलाच एक शॉट उपटला, तर त्याच्या पुढचं सगळं पुन्हा करावं लागायचं. म्हणून शॉट काढायचा झाला की त्याच्यावर बरोब्बर तेवढ्याच मापाचा दुसरा शॉट चढवायचा. खालचा आवाज तसाच राहतो, फक्त चित्र बदलतं. ठिगळच ते.

तिसऱ्या भागात नाखवांचे नऊ क्लोजअप होते. नऊ ठिगळं हवी होती. मी शूटिंगच्या टेपा काढल्या, इतर नटांचे ऐकतानाचे, लावण्याजोगे शॉट शोधायला लागलो. नव्हतेच. त्याचं कारण शूटिंगच्या पद्धतीत आहे. एका नटाचा क्लोजअप घेतात तेव्हा समोरच्या नटाने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपली वाक्यं म्हणायची असतात. त्याला क्यू देणं म्हणतात. पण मोठे नट स्वतःचा क्लोजअप झाला की मेकअप रूममध्ये जाऊन बसतात, आणि क्यू द्यायला असिस्टंट उभा राहतो. आमचा असिस्टंट कागदावर बघून, रेशनच्या रांगेतली नावं पुकारावीत तसा वाचायचा, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरेही तसेच कोरे यायचे. नाखवांचे ते नऊ चेहरे असल्या आवाजाकडे बघून आलेले होते. वकीलसाहेब त्या वेळी आत चहा घेत होते.

मग मी मिळेल ते चढवलं. कायद्याची पुस्तकं, भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचा पेपरवेट. छताचा पंखा तीनदा. मी वाद घातला नाही, हे कबूल करतो. नोकरी नवी होती आणि लग्न ठरलेलं होतं.

भाग टीव्ही केंद्राकडे जाण्याआधी प्रायोजकांना दाखवायचा असे. आमचे प्रायोजक कल्याणचे पेंडसेकाका, लोणच्यांचे कारखानदार. मी भागाची घरगुती कॅसेट काढून त्यांच्या घरी गेलो. काका सोफ्यावर बसले. काकू चष्मा लावून खुर्चीत, मांडीवर निवडायचे तांदूळ.

त्या भागात एक विधवा बाई वकिलाकडे येते. तिची केस आदल्याच दिवशी बुडालेली असते. वकील ते लपवतो आणि तिला तीन मिनिटं धीर देतो. कारकुनाला खरं माहीत असतं. त्याला बोलायला वाव नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते प्रेक्षकाला कळत होतं. निदान आधी कळत होतं.

भाग संपला. काकूंनी तांदळातून मान वर केली.

"चला, जिंकली बाई. बरं झालं."

"नाही काकू, हरली ती."

"हरली? अरे, तो वकील एवढं छान सांगतोय तिला."

"तो खोटं बोलतोय."

"मग तसं दाखवायला नको का? आणि त्यांच्या ऑफिसातला पंखा बिघडलाय का? सारखा आपला पंखा."

काका म्हणाले, "हा भाग जरा लांबलाय का हो?"

लांबला नव्हता. ठिगळांचं माप चोख होतं, एक सेकंद इकडचा तिकडे नाही. पण लांबलेला वाटत होता खरा. मी निघताना काकूंनी विचारलं, "तो कारकून रजेवर आहे का? त्याला सांगा, लवकर ये म्हणावं."

मी सामंत सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोकं धरलं. "मला कळत नाही का? पण वकीलसाहेबांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नाखवा आले. एडिटरूममध्ये नटांनी यायचं नाही असा आमच्याकडे नियम होता, आणि नाखवा नियम पाळणारे होते. आज ते दार ढकलून आत आले आणि स्टुलावर बसले. प्रॉडक्शन मॅनेजरने त्यांना पुढच्या शेड्यूलला येऊ नका म्हणून कळवलं होतं. एरवी ते आमच्याशी शुद्ध बोलायचे, नाटकातल्यासारखं. त्या दिवशी घरचं बोलले.

"विजू, मना खरा सांग. माजा काय चुकला?"

"काही नाही चुकलं, नाखवा."

"जास्त झाला का? तसा असंल तर मी कमी करतो. सरांना सांग, एकदा परत घेऊन बघा. मी चेहरा हलवणार पण नाय."

वीस वर्षं काम केलेला माणूस माझ्यासारख्या अठ्ठावीस वर्षांच्या पोराला विचारत होता की माझं चांगलं काम थोडं वाईट करून दिलं तर चालेल का. मला शरम वाटली. त्यांची नाही, माझी. ते नऊ शॉट मीच तर झाकले होते.

"तुम्ही काही कमी करायचं नाही," मी म्हणालो. "मला दोन दिवस द्या."

नाखवा उठताना मशीनकडे बघून म्हणाले, "केवढा थंड ठेवलाय इथं. मासली पन टिकंल."

मी दोन दिवस मागितले खरे, पण करायचं काय ते ठाऊक नव्हतं. सुचलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना. वकीलसाहेबांची मागणी काय होती? चेहरा माझा दिसला पाहिजे. ठीक आहे. मी त्या तीन मिनिटांच्या भाषणाची एक वेगळी टेप केली. नाखवा नाहीत, पंखा नाही, घड्याळ नाही. सलग वकीलसाहेब. मग त्यांना फोन करून नौपाड्याला बोलावलं. त्यांचा चेहरा बघायचाय म्हटल्यावर ते लगेच आले.

टेप सुरू झाली. वकीलसाहेब मागे रेलून बसले. वीस सेकंदांनी पुढे झाले.

"हे काय? मी हललो."

"जोड आहे तो, साहेब. या भाषणाचे पाच टेक झालेले. प्रत्येकातला चांगला तुकडा घेतलाय."

पडद्यावर त्यांच्या उजव्या हातातलं पेन डाव्या हातात उडालं. थोड्या वेळाने कपाळावरची बट इकडून तिकडे गेली. मग "न्याय" म्हणताना मान उजवीकडे होती आणि "मिळेल" म्हणताना डावीकडे. भलताच दचकणारा वकील दिसत होता.

"बंद कर," ते म्हणाले. "आधीच्या भागांत असं कुठे दिसलं नाही ते?"

"जोड तिथेही आहेत. पण त्यांच्यावर नाखवा आहेत."

मी ठिगळं लावण्याआधी काढून ठेवलेली मूळ भागाची कॉपी लावली. नऊच्या नऊ शॉट जागेवर. वकीलसाहेब बोलतायत, विधवा बाईला धीर देतायत, आणि कारकून हातातल्या फाइलची नाडी बांधतोय. बांधून झाली तरी बांधतोय. मान वर करून एकदा बाईकडे बघतो आणि पुन्हा नाडीकडे. वकीलसाहेबांनी शेवटपर्यंत बघितलं.

"माझा आवाज चांगला लागलाय इथे," ते म्हणाले.

"लागलाय ना."

"याला क्यू कोण देतं?"

"असिस्टंट. कागदावर बघून वाचतो."

"आणि मी?"

"तुम्ही मेकअप रूममध्ये असता."

ते उठले. मग चपला घालताना म्हणाले, "राहू दे त्याला. सामंतांना सांग, मी सांगितलंय म्हणून. पण ते पेन कुठे दिसता कामा नये."

कारकून गावाला गेला नाही. तेराही भागांत राहिला. नाखवांची पाटी दर आठवड्याला स्वतंत्र आली. पुढच्या शेड्यूलला वकीलसाहेब एकदा चक्क कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले आणि नाखवांना क्यू दिला. फक्त एकदाच. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय दुखत होते.

मालिका संपल्यावर डोंबिवलीतल्या एका मंडळाने वकीलसाहेबांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर केला. मंडळाचे चिटणीस माझ्याकडे आले. "त्यांच्या अभिनयाचा एखादा मिनिटभराचा तुकडा द्या, सत्काराच्या आधी दाखवू." मी तिसऱ्या भागातलं ते भाषण दिलं. त्यातलं कुठलं मिनिट द्यायचं हे ठरवणं माझ्या हातात होतं, आणि मी नीट विचार करून ठरवलं.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना टीव्ही ठेवले होते. सगळं युनिट आलं होतं. नाखवा बायकोला घेऊन माझ्या शेजारी बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. टीव्ही सुरू झाले. पहिली दहा सेकंदं वकीलसाहेब दिसले. पुढची जवळजवळ सगळी नाखवा. आवाज वकीलसाहेबांचा, पडद्यावर नाखवांचा चेहरा आणि फाइलची ती नाडी. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. संपल्यावर टाळ्या थांबेनात, आणि त्या टाळ्यांत वकीलसाहेब उठून स्टेजवर गेले आणि त्यांनी शाल घेतली.

नाखवांच्या बायकोने त्यांच्याकडे बघितलं. ते स्टेजकडे बघत टाळ्या वाजवत होते. मग माझ्या कानाशी वाकले.

"विजू, यात मीच जास्त दिसलो रे. साहेबांना वाईट वाटलं नसेल ना?"

"नाही वाटलं," मी म्हणालो. "ते स्वतःचा आवाज ऐकत होते."

आणि खरंच तसं होतं. कार्यक्रमानंतर वकीलसाहेबांनी माझा खांदा थोपटून सांगितलं, तुकडा छान निवडलास. नाखवांना पुढे एका मालिकेत हवालदाराचं काम मिळालं, आणखी एकीत पुन्हा पोस्टमनचं. मग ते कंपनीतून रिटायर झाले. त्यांना कुठलाच पुरस्कार मिळाला नाही याचा मला अजून राग येतो, आणि त्याचं मी काही करू शकत नाही.

धंद्यापुरतं मात्र एक शिकलो. नवीन मालिकेच्या टेपा आल्या की मी आधी जे गप्प बसलेत त्यांचे शॉट वेगळे काढून, नावं घालून ठेवतो. बोलणाऱ्यांचं काम अडतं तेव्हा तेच लागतात.