अर्धं सोडलेलं वाक्य

निरोप समारंभात जो उठला तो म्हणाला, बाईंनी पिढ्या घडवल्या. मला हसू आलं. पिढ्या काय मडकी आहेत घडवायला? आयुष्यभर मराठी शिकवलं खरं, पण त्यातलं नेमकं काय उरलं, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

काल एसटी स्टँडवर शेजारच्या बाकावर एक आई आपल्या लहानगीला गोष्ट सांगत होती. "चिमणी भुर्रकन उडाली आणि जाऊन बसली..." एवढं म्हणून ती थांबली. भुवया उंचावल्या, तळहात पुढे केला आणि वाट पाहत राहिली.

मी चमकलेच. वर्गात मी अगदी असंच करायची. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, हात पुढे करायचा आणि उरलेलं मुलांकडून येईपर्यंत गप्प राहायचं. चुकीचं का होईना, काहीतरी यायचंच.

ही माझी विद्यार्थिनी असेल? चेहरा ओळखीचा वाटेना. कदाचित माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं हिला शिकवलं असेल. कदाचित कुणीच नाही. विचारावंसं वाटलं, पण उत्तर यायचं असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, हा माझ्याच वर्गातला नियम.

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या आजीच्या डोक्यावर!"

आई ओशाळून हसली. तेवढ्यात माझी गाडी लागली. मी मान ताठ ठेवून, अगदी हळू उठले. चिमणी उडायला नको होती.